बॅलेच्या शूटिंगला आलेले पाहुणे

मी लग्नाचा शूटिंगवाला. वर्ध्याला स्टुडिओ आहे. आता तो सून चालवते. मी दुपारून जाऊन बसतो आणि नव्या पोरांच्या ड्रोनकडे संशयाने बघतो. हयात लोकांच्या लग्नात गेली. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात मी बॅग घेऊन उतरलो, की पहिला भेटणारा माणूस विचारणार, "कोनाचं जमलं जी?" एकदा दाढ दुखत होती म्हणून सेलूला डॉक्टरकडे गेलो. कॅमेरा दुरुस्तीला टाकायचा होता, म्हणून बॅग सोबत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की डॉक्टरच्या पोरीचं ठरलं. डॉक्टरला पोरगी नव्हती, दोन्ही मुलंच होती. पण शूटिंगवाला आला होता ना, मग झालं.

हा धंदा वरून दिसतो तसा हसरा नाही. यात सगळे सगळ्यांवर संशय घेतात आणि मधे आम्ही उभे असतो. मुलीकडच्यांना वाटतं, याने मुलाकडचेच चेहरे जास्त घेतले. मुलाकडच्यांना वाटतं, हा मुलीकडच्यांनी ठरवलेला माणूस, आपल्याला जेवतानाच पकडतो. पवनारकडच्या एका लग्नात नवरीच्या आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आहेराच्या खोलीत एक कॅमेरा लपवून ठेवा जी, नवरदेवाच्या बहिणीवर माहा भरोसा नाई." ठेवला. रात्री घरी येऊन बघतो, तर खोलीत आत्याबाईच येतात, स्वतः दिलेली चांदीची समई उचलतात, पदराखाली घेतात आणि जातात. मी तेवढा तुकडा काढून त्यांना दिला, कोणाला बोललो नाही. त्या आजही मला रस्त्यात बघून पलीकडे होतात.

असल्या अनुभवातून नजर बिघडते. कॅमेऱ्यातून माणूस बघितला, की मी आधी हा कोणाकडचा ते ओळखतो. मुलगी पाहायला आलेल्या बायका तर मी पाठीवरूनही ओळखीन. बाकीच्या बायका मुलीचा चेहरा आणि साडी बघतात. मुलाची आई पाय बघते. ती पाणी मागते, ते तहान लागली म्हणून नव्हे; मुलगी चालते कशी ते बघायचं असतं.

आता मुख्य गोष्ट. त्या मुलीला विचारूनच लिहितो आहे, पण नावं बदलली आहेत आणि गावही. हिंगणी लिहिलंय म्हणजे हिंगणी नव्हे. सिनेमाचं नाव लिहीत नाही. कोणी फोन करून विचारू नये, मी सांगणार नाही.

काही वर्षांपूर्वी मला पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. ईशा मॅडम म्हणू. त्या माहितीपट काढत होत्या. हिंगणीची एक मुलगी, समीक्षा, बारावीला, बॅले नाचते. बॅले म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून करायचा विलायती नाच, एवढंच मला माहीत होतं. ही मुलगी दर रविवारी बसने नागपूरला एका बाईंकडे शिकायला जायची. त्या बाईंचं म्हणणं, अशी मुलगी त्यांच्या हाताखाली कधी आली नव्हती. मुंबईच्या एका नृत्यसंस्थेत तिची निवड-चाचणी होती. निवड झाली तर राहणं, शिकणं सगळं तिथेच. सिनेमा त्या चाचणीपर्यंत जाणार होता.

"घराच्या अंगणात एक नाच घ्यायचा आहे," मॅडम म्हणाल्या. "मी एकटीच शूट करते, पण समीक्षा म्हणते की या नाचाला दोन कॅमेरे पाहिजेत. तिने तुमचंच नाव सांगितलं. दुसरं कोणी नको म्हणाली."

मी फुगलो, हे कबूल करतो. पण फोन ठेवल्यावर लगेच शंका आली. वर्ध्यात आता माझ्यापेक्षा चांगले कॅमेरे असलेली पोरं गल्लोगल्ली आहेत. मीच का? बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुमाले त्या नाचातलं काय समजते?" मी म्हणालो, तिने आपलं काम कुठल्या लग्नात पाहिलं असेल, आवडलं असेल. बायको म्हणाली, "असंन." तिचं 'असंन' मला आवडलं नाही.

सकाळच्या बसने हिंगणीला उतरलो. स्टँडजवळ अंगणवाडीच्या शेंडेताई उभ्या होत्या. त्यांच्या पुतणीचं लग्न मीच केलं होतं. त्यांनी बॅगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. उलट, "कोनाकडं चालले?" असं विचारलं. मी नाव सांगितलं. "हं," म्हणाल्या आणि चालू लागल्या. मला ते जरा विचित्र वाटलं.

समीक्षाचे वडील रमेशभाऊ. हार्डवेअरचं दुकान, मागे घर. घर चांगलं टाइल्सचं. ईशा मॅडमचा त्यामुळे जरा हिरमोड झाला होता, असं मला वाटतं. दिवाणखान्यातला मोठा फ्रिज त्यांनी आत सरकवायला लावला होता. रमेशभाऊंच्या आईला ते पटलं नव्हतं. "फ्रिज काय चोरीचा हाय का बाप्पा, लपवून ठेवाले?" असं ती दारात बसून प्रत्येकाला विचारत होती. मॅडम म्हणत होत्या, फ्रेममध्ये रंग खटकतो. मी मनात म्हटलं, रंग नाही, फ्रिजच खटकतो.

अंगणात रमेशभाऊंनी दुकानातल्या प्लायवूडच्या जाड पाट्या आणून जोडल्या होत्या. सिमेंटवर नाचलं तर गुडघे जातात म्हणून. सांध्यांवर स्वतः चिकटपट्टी लावत ते गुडघ्यांवर बसले होते. पाटी हलते का ते हाताने दाबून बघायचे, परत पट्टी लावायचे. माणूस लेकीवर जीव टाकणारा आहे, हे मला तिथेच कळलं. ऊन कडक होतं. उन्हात चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात, म्हणून आम्ही वर पांढरं कापड ताणतो, उजेड मऊ होतो. चार बांबू रोवले, कापड बांधलं. मॅडमच्या सांगण्यावरून घरच्यांनी सणाचे कपडे घातले होते. शेजारच्या बायका जमल्या. मी कॅमेऱ्यातून एकदा सगळं नीट पाहिलं आणि हसू आलं. मांडव दिसत होता तो.

मग समीक्षा आली. अंगाने किडकिडीत, केस घट्ट बांधलेले, पायात गुलाबी बूट, त्यांची टोकं लाकडासारखी कडक. बाहेरून छान दिसतात ते. आत बोटांची काय गत होते, हे ती बूट घालत असताना मी पाहिलं होतं. नखं काळी पडलेली, अंगठ्यावर पट्ट्या. गाणं लागलं आणि ती त्या टोकांवर चढली. मी आजवर वरातीतले नाच घेतले, संगीतातले घेतले. लोक नाचतात तेव्हा ते कॅमेऱ्याकडे एकदा तरी बघतात. ही बघत नव्हती. ती हळूहळू एक पाय मागे उचलत गेली आणि तो खाली आणायची तिला काही घाईच नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते का आलं, ते मला सांगता येणार नाही. फोकस मात्र सुटू दिला नाही.

नाच संपला आणि पाहुणे आले. समीक्षाचा मामा बंडूभाऊ त्यांना घेऊन आला. एक जाडसर गृहस्थ, त्यांची बायको आणि इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण, जो सारखा आपल्याच चपलांकडे बघत होता. "आर्वीकडचे पाहुने हायेत," मामा म्हणाला, "शूटिंग पाह्याले आले." खाटेवर सतरंजी टाकली गेली. पाहुणीने पाणी मागितलं आणि म्हणाली, "पोरीलेच आणू द्या."

माझा हात आपोआप झूमवर गेला. समीक्षा बूट काढून अनवाणीच पाणी घेऊन आली. बॅले नाचणारी माणसं पावलं बाहेर वळवून चालतात, सवयीने. पाहुणी चेहऱ्याकडे बघतच नव्हती.

"पाय असे फाकवून काऊन चालते पोरगी?" तिने मामाला हळूच विचारलं. माझ्या माइकने ते उचललं.

"नाचाची सवय हाय जी. सुटंन."

"अन् नखं काळी काऊन?"

"खेळात लागलं."

मी रमेशभाऊंकडे पाहिलं. ते प्लायवूडच्या कडेला उभे होते, हातात चिकटपट्टीची गुंडाळी. त्यांचा चेहरा पडला होता. मामा माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, "गजूभाऊ, पाहुन्यायले पोरगी पसंत हाय. कुंकू लावून घेतो. तुमी आहेच त तेवढं दोन मिनटं आमचंबी घेऊन टाका."

हे साक्षगंधच होतं, म्हणजे साखरपुडा, फक्त नाव न घेतलेलं. मुलीला कुंकू लावलं, नारळ आणि ब्लाउजपीस हातात दिलं, की आमच्याकडे शब्द झाला. मग मुंबई नाही, चाचणी नाही. होणाऱ्या सासरचे म्हणतील, पोरीने आता घरात राहावं. गावात कोणाला वास येऊ नये म्हणून मामाने नेमका शूटिंगचा दिवस धरला होता. घर सजलेलं, पोरगी सजलेली आणि विचारलं कोणी तर सिनेमा. मामा पुढे माझा गिऱ्हाईक होणार होता, त्याच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. मी विचार केला तो एवढाच, की कॅमेरा बंद करावा का. नाही केला. जे समोर होतं ते घ्यायचं, ही हाताची सवय.

"बंडू, आज फक्त पाहून जातो म्हनलं होतं तू," रमेशभाऊ म्हणाले.

"पाहूनच राह्यले ना जी. पसंत पडलं त काय परत पाठवू?"

पाहुणीने पिशवीतून नारळ काढला. समीक्षाला पाटावर बसवलं. कुंकवाचं बोट कपाळाला लागलं, नारळ हातात आला. त्या क्षणी समीक्षाने सरळ माझ्या कॅमेऱ्यात पाहिलं. अख्ख्या नाचात जिने एकदाही पाहिलं नव्हतं तिने. मुली अशा वेळी रडतात किंवा लाजतात. ही दोन्ही करत नव्हती. हा घेतोय ना, एवढंच ती तपासत होती, असं मला वाटलं आणि मला त्याचा अर्थ लागेना.

फाटकाशी जीप थांबली. पोलीस पाटील, शेंडेताई आणि ठाण्यातल्या एक मॅडम आत आल्या. शेंडेताईंनी कापडाकडे बोट केलं. "हा मांडव. तो शूटिंगवाला. अन् पोरीच्या हातात नारळ. पोरीले अठरा नाई झाले, माह्याकडं जन्मापासूनची नोंद हाय."

मामा मोठ्याने हसला. "लगन कुठं हाय जी? सिनेमा हाय सिनेमा. बॅले!"

"मग हे कोण?" पोलीस मॅडमनी पाहुण्यांना विचारलं.

"शूटिंग पाह्याले आलते."

पोलीस मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काय काय घेतलं तुम्ही? दाखवा."

अंगणात सगळे माझ्याकडे बघू लागले. मामाने मान बारीक हलवली, नाही म्हणून. मी दाखवलं. छोट्या पडद्यावर पाणी, पाय, नखं, कुंकू, नारळ, सगळं ओळीने आलं. आवाजासकट. पाहुण्यांचा तरुण मुलगा तेवढा पहिल्यांदा वर बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. साक्षगंध झालं म्हणून कोणाला पकडत नाहीत, पण पोरगी अठराची होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं रमेशभाऊंकडून लिहून घेतलं. पाहुणे चहा न घेता गेले. पाहुणी जाताना नारळ परत घेऊन गेली.

त्यानंतर सुरू झालं ते, फोन कोणी केला. गावात दुसरा विषय नव्हता. मामाचा संशय माझ्यावर. रमेशभाऊंच्या आईचा शेजारणीवर, कारण शेजारणीने फ्रिजवरून काहीतरी म्हटलं होतं. माझा संशय सरळ ईशा मॅडमवर होता. सिनेमाला असा प्रसंग पाहिजेच असतो. जीप आली तेव्हा त्यांचा कॅमेरा फिरत होता, थरथरत नव्हता. ज्या बाईने फ्रिज हलवला ती पोलीसही बोलावू शकते. कापड सोडताना मी तोंडावर बोललो.

"मॅडम, सीन चांगला भेटला तुमाले."

त्या वळल्या. "म्हणजे? मला तर वाटलं, फोन तुम्ही केलात."

"मी कशाला करतो? माझा धंदा आहे इथे."

"आणि मी कशाला करेन? त्या मुलीच्या घरच्यांनी मला परत दारात उभं केलं नसतं." त्यांचा आवाज चढला होता. मी विश्वास ठेवला नाही. त्यांनीही माझ्यावर ठेवला नाही. आम्ही एकाच बसने वर्ध्याला आलो आणि वेगवेगळ्या सीटवर बसलो.

समीक्षा मुंबईला गेली. रमेशभाऊ स्वतः घेऊन गेले. तिची निवड झाली. सिनेमा तयार झाला आणि वर्ध्याच्या एका सभागृहात दाखवला, तेव्हा मलाही बोलावलं. मी मागच्या रांगेत बसलो, कारण त्या दिवसाचा प्रसंग येणार आणि लोक माझ्याकडे वळून बघणार, अशी खात्री होती. प्रसंग आलाच नाही. अंगणातला नाच आला, प्लायवूडवर पट्टी लावणारे रमेशभाऊ आले, तो माझाच शॉट होता. जीप नाही, नारळ नाही. फ्रिज मात्र एका कोपऱ्यात दिसला. आजीने जिंकलं होतं म्हणायचं.

बाहेर मी मॅडमना गाठलं. "एवढा मोठा सीन काढून टाकला?"

"मी नाही," त्या म्हणाल्या. "तिने काढायला सांगितलं." आणि त्यांनी समीक्षाकडे मान वळवली.

समीक्षा एकटी खांबाशी उभी होती, पावलं बाहेर वळलेली. मला बघून तिने नमस्कार केला. मी फिरवून विचारलं नाही. "फोन तू केला होता का?"

"हो, काका." तिने आजूबाजूला पाहिलं. "मामा आईशी बोलत असताना ऐकलं होतं मी. शाळेच्या भिंतीवर मुलींसाठीचा नंबर लिहिला हाय, त्याच्यावर केला. पहिल्यांदा केला तव्हा त्यायनं गावात विचारलं, अन् घरच्यायनं सांगतलं, सिनेमाचं चालू हाय, दुसरं काई नाई. म्हून मग ईशाताईले म्हनलं, वर्ध्याचे गजूभाऊच पायजेत. अन् परत फोन करून सांगतलं, स्टँडवर पाहा, लग्नाचा शूटिंगवाला उतरंन."

दोन वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, की बॅलेच्या सिनेमासाठी त्या मुलीने खास मला मागून घेतलं. सुनेने स्टुडिओच्या काचेवर तसं लिहूनही घेतलं होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"मला आधी सांगितलं असतं तर?"

"तुमी नाई म्हनले असते," ती म्हणाली. "तुमाले दोनीकडचं सांभाळा लागते ना, काका." ती उद्धट नव्हती, खरं बोलत होती. मग म्हणाली, "बाबाले सांगू नका. मामा तर घरात पाऊलच ठेवू देणार नाई मले. अन् बाबाले वाटंन, पोरीनं आपल्यावर पोलीस आणले."

मी बरं म्हणालो. पण मनात धाकधूक होती. रमेशभाऊंसारखा माणूस, ज्याने तिच्या पायाखाली प्लायवूड टाकलं, त्याच्यावर लेकीने एवढाही भरोसा ठेवला नाही, हे त्याला कळलं तर तो मोडेल.

पुढच्याच आठवड्यात ते स्टुडिओत आले. दुपारची वेळ, सून बँकेत गेली होती. बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली. सिनेमा चांगला झाला म्हणाले. पोरगी बरी आहे म्हणाले. चहा आला, तो हातात धरून बसले.

"गजूभाऊ, फोन कोनं केलता, तुमाले माहीत असंन."

त्यांनी प्रश्न विचारला नव्हता, तरी मला उत्तर द्यावं लागलं.

"मीच केला," मी म्हणालो.

"तुमी?"

"हो. मले ते पटलं नाई. पोरगी नाचत होती अन् ती बाई नखं मोजून राह्यली होती. बाहेर जाऊन केला."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे बघितले, पण इतका वेळ कोणी माझा बघितला नव्हता.

"फोन पोरीच्या आवाजात होता," ते म्हणाले. "शेंडेताईच्या तोंडून त्याच दिवशी निघून गेलतं. तव्हापासून माहीत हाय मले."

त्यांनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"मले दुसरं पायजे होतं. ती सुट्टीत घरी येईन, तव्हा मामानं इचारलं त सांगाले कोनाचं तरी नाव पायजे." ते उठले, टोपी घातली. "तुमी म्हनता त तुमीच केला. मी बी आता तेच सांगतो सगळ्यायले. पन मग तिकडचं एकबी लगन तुमाले भेटणार नाई. चालंन?"

"चालंन," मी म्हणालो.

तेव्हापासून हिंगणीकडची लग्नं दुसराच कोणी करतो. त्याचा फोकस कच्चा आहे, पण ते त्यांचं ते पाहतील.